बाराच्या भोंग्यापर्यंत

“तू काय सोडणार?” माताजींनी विचारलं.

आषाढातली चतुर्दशी होती. माहेरच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, चातुर्मासाला राहिलेल्या साध्वी माताजींपुढं बायकांची रांग लागली होती. चातुर्मासाचा नेम घ्यायचा म्हणजे काहीतरी सोडायचं. माझ्या पुढच्या बाईनं गूळ सोडला होता, तिच्या पुढचीनं दूध.

“सकाळचं बोलणं,” मी म्हटलं. “सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत.”

माताजींनी मान वर करून पाहिलं. “घरात लहान मुलं आहेत?”

“तीन. शाळा नाही आमच्याकडं. घरीच शिकवते त्यांना.”

“मग शिकवणं कसं व्हायचं?”

“पाटीवर लिहून देईन.”

“लिहायला हरकत नाही. पण बोलणं का सोडतेस?”

“दिवसभर सांगतच असते, माताजी. आता माझाच आवाज मला ऐकू येईनासा झालाय.”

त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. नेम लागला.

घरी आल्यावर हे हसले. “तू बोलणं सोडलंस? सोडायला आधी काहीतरी असावं लागतं. तुझं बोलणं शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही!”

ते खरंच होतं. पण हळू बोलणारं माणूस कमी बोलतं असं नाही.

आम्ही तेव्हा सावरखिंडीच्या धरणावर राहत होतो. यांची नोकरी दरवाज्यांवर. पूर्वी वसाहतीत तीसेक घरं होती, एक खोलीची शाळाही होती. पुढं बदल्या होत गेल्या, घरं रिकामी पडली, शाळेला कुलूप लागलं. शेवटी राहिलो आम्ही, दोन वॉचमन आणि धरणाचा भोंगा. तो सकाळी आठला आणि दुपारी बाराला व्हायचा. जवळची शाळा नऊ किलोमीटर, मधे घाट, आणि एसटी दिवसातून दोनदा. तेव्हा मी घरातच शाळा मांडली होती. मी अकरावी झालेली. तिघांना पुरेल इतकं मला येतं, असं मला वाटायचं.

सगळ्यांना तसं वाटत नव्हतं. यांचे थोरले भाऊ आण्णा जयसिंगपूरला एका हायस्कूलात हेडमास्तर होते. माणूस चांगला, पण शब्दाला खिळा मारल्यासारखा. मेमध्ये येऊन त्यांनी सांगून टाकलं, “पोरांचं नुकसान करू नका. माझ्या घरात जागा आहे. तिघांनाही पाठवा.”

“एवढीशी आहेत, आण्णा,” मी पदर सारखा करत म्हटलं.

“मग बोली करू. दिवाळीच्या सुट्टीत मी येतो, माझ्या हातानं परीक्षा घेतो. तिघंही पक्की असली तर मी परत विषय काढणार नाही. एक जरी कच्चं निघालं, तर तिघंही माझ्याकडं. कबूल?”

हे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली.

कबूल करताना मला भीती नव्हती, कारण आमची शाळा माझ्या मते फार चांगली चालायची. पहाटे उठून आंघोळ, दर्शन, जप. उजाडल्यावर न्याहारी. आठच्या भोंग्याला तिघं स्वयंपाकघरात. बारा वर्षांचा श्रेणिक दारातल्या पायरीवर, कारण त्याला गणितं करताना कुणी शेजारी नको असायचं. सहा वर्षांचा धनू ओट्याखाली, तांदळाचं पीठ पसरलेल्या ताटात बोटानं अक्षरं काढत. मधली त्रिशला, नऊ वर्षांची, माझ्यासमोर पाटावर, मांडीवर पुस्तक. माझे हात कणकेत. मी धडा म्हणायची, कारण तिची पुस्तकं आधी श्रेणिकची होती आणि मला ती तोंडपाठ झाली होती. मी म्हणायची, ती माझ्यामागं म्हणायची, मग एकटी म्हणून दाखवायची. चपात्या संपेपर्यंत धडा संपायचा. पाढे निवडणटिपणात, कविता कपडे वाळत घालताना. एका कामात दोन कामं व्हायची. त्रिशलाला एकदा ऐकलेलं पुरायचं. माझी नणंद तर म्हणायची, “वहिनी, ही पोरगी म्हणजे टिपकागद आहे.” मला त्याचा अभिमान होता. देवानं क्षमा करावी, तो अभिमानच होता.

नेम लागला आणि सगळं पाटीवर आलं. सकाळी तीन पाट्यांवर तिघांचं काम लिहून ठेवायची. श्रेणिकनं पहिल्याच दिवशी विचारलं, “आई, आता मला ओरडायचं असलं तर कसं ओरडणार?” मी त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘श्रेणिक!’ लिहिलं. तो खो खो हसला.

त्रिशला काय करायची, तर आपली पाटी धनूपुढं धरायची. “वाच बघू. येतं का तुला?” धनू जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लावायचा. “सा-त-चा... सातचा पाढा दो-न-दा लिही.” “शाब्बास,” ती म्हणायची आणि पाढा लिहायला घ्यायची. आकड्यांशी तिचं कधी भांडण नव्हतं. धनू महिन्याभरात पटापट वाचायला लागला. मी चपाती लाटत बघायची आणि मनात म्हणायची, किती समजूतदार आहे पोर, लहान भावाला शिकवते.

भाद्रपदात पर्युषण पर्व सुरू झालं त्या आठवड्यात धनूला ताप आला. तो आत झोपला होता. श्रेणिक यांच्याबरोबर पाण्याची पातळी मोजायला गेला होता. घरात आम्ही दोघीच. मला वाटलं, आज मुलीला जरा मोकळं सोडावं. पाटीवर लिहिलं, ‘आज तुला आवडेल तो धडा वाच.’

तिनं पाटीकडं पाहिलं. आत धनूच्या अंथरुणाकडं पाहिलं. मग हसून उठली आणि सुपात तांदूळ घेऊन आली.

मी मान हलवून नको म्हटलं. पाटी पुसून लिहिलं, ‘तांदूळ नको. पुस्तक आण.’

ती पाटीपेक्षा माझ्या तोंडाकडंच जास्त बघत होती. आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तांब्या बाजूला ठेवला. ती परत गेली. आता धनूच्या कपाळावरची घडी ओली करून आणली. मग केरसुणी. मग माझी जपाची माळ. प्रत्येक वेळी वस्तू पुढं करायची आणि माझ्या डोळ्यांत शोधायची, हेच का? हेच का?

पाचव्या वस्तूला मला शंका आली.

मी पाटी स्वच्छ पुसली आणि त्यावर एवढंच लिहिलं, ‘बस’. ती उभीच राहिली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. खाली ‘त्रिशला’ लिहिलं. ते तिनं ओळखलं. चित्र ओळखावं तसं.

“आई, बोल ना,” ती म्हणाली. “एकदाच बोल. काय पाहिजे ते सांग ना गं.”

घड्याळात दहा वाजले होते. मी ओठ मिटून बसले.

“बोल ना! पाप मला लागू दे. मी देवाला सांगते आईची चूक नाही म्हणून.”

मी तिला जवळ ओढलं, पण बोलले नाही. नेम माताजींपुढं घेतला होता, पर्वाचे दिवस होते, आणि मला तेव्हा ते डोंगराएवढं वाटत होतं. ती रडली. रडून झाल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून आपणहून बोलायला लागली. मी काही विचारत नव्हते, अडवत नव्हते, म्हणूनच सगळं सांगितलं असेल. पुस्तकातली अक्षरं तिला सगळी सारखीच दिसायची. एक ओळखलं की मागचं विसरायचं. श्रेणिकला येत होतं, मग धनूलाही यायला लागलं, आणि मग सांगायची लाज वाटली. “तू म्हणायचीस ते मला येतच होतं. मग पुस्तकात बघायचं कशाला? पानावर चित्र असतं. चित्र बघितलं की कुठला धडा ते कळतं.”

दोन तास ती बोलत होती. चार वर्षं मी तिच्यासमोर बसून शिकवलं, पण माझे हात कणकेत होते आणि डोळे तव्यावर. पुस्तकावर तिचं बोट कुठं फिरतंय ते मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

बाराचा भोंगा झाला. आता मला बोलता येत होतं.

तीच आधी बोलली. “आई, आण्णा कच्चं निघालं तर नेणार ना? तिघांनाही?”

“हं.”

“पण आण्णांना कळणारच नाही. मी म्हणून दाखवते. मला सगळं पुस्तक पाठ आहे. धनूला तिकडं करमायचं नाही, आई. तो तुझ्याजवळ झोपतो.”

मी उठून धनूचा ताप बघायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी कणीक मळताना थोडी बाजूला काढायला लागले. तिची वळी करून ‘क’ वळायचा, ‘म’ वळायचा, तिच्या तळहातावर ठेवायचा. डोळ्यांना जे राहत नव्हतं ते बोटांना हळूहळू राहायला लागलं. एका अक्षराला दोन दोन दिवस. आश्विन संपत आला तेव्हा ती ‘कमळ’ लावायची, ‘पाणी’ लावायची, जोडाक्षर दिसलं की थांबायची. यांना मी काही सांगितलं नव्हतं. दर दुपारी बाराला तोंड उघडायला मोकळी होत होते, आणि दर दुपारी हा विषय सोडून बाकी सगळं बोलत होते.

आण्णा धनत्रयोदशीला आले. आमचा चातुर्मास दिवाळीच्या अमावास्येला सुटतो, म्हणजे माझा नेम संपायला दोन दिवस होते. सकाळच्या गाडीनं आले, एकच्या गाडीनं परत जायचं होतं. पाय धुतले, चहा घेतला आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

“तुमचं मौन आहे म्हणे. चांगलंय. उत्तरं सांगायची सोय नाही!” ते स्वतःच हसले. हेही हसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

श्रेणिकला त्यांनी अपूर्णांक घातले, इंग्रजीतून पत्र लिहायला लावलं. “हं. अक्षर कोंबडीचं, पण डोकं आहे.” धनूला फराळाच्या पुड्याचा वर्तमानपत्राचा कागद दिला. धनूनं त्यावरची साबणाची जाहिरात खडाखड वाचली आणि खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

“अरे, सहा वर्षांचा ना हा?” आण्णा म्हणाले. “कुणी शिकवलं रे?”

“ताईनं,” धनू म्हणाला.

“मग ताई तर पंडितच असणार! ये गं.”

त्रिशला पुढं झाली. वेणी घट्ट घातलेली, हात परकरात गुंडाळलेले. आण्णांनी तिचं पुस्तक मधेच उघडलं. पानावर चाकापुढं बसलेल्या कुंभाराचं चित्र होतं. तिनं मान खाली घातली, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरू केलं. आवाज स्वच्छ, स्वल्पविरामाला थांबणं बरोबर. बोट ओळीमागून ओळ सरकत होतं. पान उलटायच्या जागी तिनं पान उलटलं. आण्णा डोळे मिटून ऐकत होते, मान डोलत होती.

तिसऱ्या परिच्छेदात ती अडखळली. “मृ... मृत्ति... मृत्तिका.” पुन्हा मागं येऊन शब्द नीट म्हटला आणि पुढं गेली.

तो शब्द तिला दीड वर्षापासून पाठ होता. ते अडखळणं तिनं मुद्दाम घातलं होतं. खरं वाचणारं माणूस अवघड शब्दाला अडखळतं, हे तिनं धनूकडं बघून हेरलं होतं.

“वा!” आण्णा म्हणाले. “मी हरलो. तिन्ही पोरं–”

“आण्णा, तिला वाचता येत नाही.”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. सकाळच्या वेळी साडेतीन महिन्यांत तो वापरलाच नव्हता.

“अगं, नेम!” हे ओरडले. पहिलं त्यांच्या तोंडून तेच निघालं.

“तिला पाठ आहे सगळं,” मी म्हटलं. “चित्र बघून म्हणते. चूक माझी आहे. मी तिला कानानं शिकवलं. दोन महिने झाले, मला माहीत आहे.”

आण्णांनी पुस्तक मिटलं. धनूचा तो वर्तमानपत्राचा कागद उचलून तिच्यापुढं धरला. ते रागावलेले नव्हते. त्रिशलानं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ती नजर मी विसरलेले नाही. मग तिनं बोट ठेवलं आणि कितीतरी वेळानं म्हणाली, “आ... ज.” पुढच्या शब्दाला जोडाक्षर होतं. ती तिथंच थांबली.

धनूला वाटलं आपली पाळी आली. तो पुढं वाकला, “सांगू?” म्हणाला. श्रेणिकनं त्याचा सदरा धरून मागं ओढलं.

“तीस वर्षं मास्तरकी केली,” आण्णा म्हणाले. “आत्ता या पोरीला ‘वा’ म्हणालो मी.” त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. “माझ्या शाळेत वर्गाला साठ पोरं. ही तिथं असती तर सातवीपर्यंत मला पत्ता लागला नसता.”

“मग?” यांनी विचारलं.

“मग काय? बोली ती बोली. सुट्टी संपली की दोघं पोरं माझ्याकडं येतील. श्रेणिकला आता हायस्कूल पाहिजेच, आणि धनू वाया जाईल इथं.”

“आणि ही?”

“हिला कुणाच्या हवाली करू? जिनं ओळखलं तिच्याजवळच राहू दे.”

त्रिशला उठून मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग गेले. ती पाण्याच्या दगडी डोणीजवळ उभी होती.

“त्या दिवशी मी बोल बोल म्हणत होते,” ती म्हणाली, “तेव्हा बोलली नाहीस. माझ्यासाठी नाही बोललीस. आज बाराच्या आत बोललीस.”

थोड्या वेळानं भोंगा झाला.

दिवाळीनंतर मुलांना पोचवायला मीच गेले. श्रेणिक खिडकीशी बसून गाणी म्हणत होता. धनू माझ्या पदराचं टोक मुठीत धरून होता आणि मधूनमधून विचारत होता, “मला परत नेणार कधी?” आण्णांच्या दारात ती मूठ सोडवताना एकेक बोट उचलावं लागलं.

परत येताना वाट वाकडी करून माहेरी बस्तीत गेले. माताजींचा विहार, म्हणजे पुढच्या गावी पायी निघणं, दुसऱ्या दिवशी होता. मी नमस्कार करून सांगितलं, नेम मोडला, प्रायश्चित्त द्या.

“किती बोललीस?”

मी बोलले ते शब्द तसेच सांगितले. मग त्यांनी विचारलं म्हणून आधीचंही सगळं सांगितलं. पाटी, तांदळाचं सूप, माळ, पोरीचं रडणं. आण्णांना म्हणून दाखवते, असं ती म्हणाली तेही.

“ते ती म्हणाली तेव्हा किती वाजले होते?”

“बारा वाजून गेले होते.”

“म्हणजे तेव्हा नेम नव्हता.”

“नव्हता.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काहीच नाही म्हणाले, माताजी.”

माताजी म्हणाल्या, “एक उपवास कर. त्या दुपारचा.”

मोडलेल्या नेमाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी उठले.

त्या घटनेला आता तीस वर्षं होतील. दर महिन्याच्या चतुर्दशीला मी अजून तो उपवास करते. एकदाच सांगितला होता, तरी करते.

मुलं गेल्यावर घरी एकच पाटी उरली होती. त्रिशला काम करायची, विचारलं तेवढं उत्तर द्यायची, जास्त काही नाही. कणकेची अक्षरं मात्र तिनं नाकारली नाहीत. मी वळून ठेवायची, ती डोळे मिटून चाचपायची.

मार्गशीर्षात एक दिवस वॉचमननं धनूचं कार्ड आणून दिलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, ओळी चढावर गेलेल्या. वर नाव त्रिशलाचं. आठचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. कार्ड मी तिच्या हातात दिलं आणि समोर पाटावर बसले. परातीला हात लावला नाही.

“तू वाच,” ती म्हणाली.

मी मान हलवून नाही म्हटलं. चातुर्मास संपला होता. मला बोलायला काही बंदी नव्हती.

तिनं कार्ड मांडीवर ठेवलं. बोट ठेवलं. ‘ताई’ लगेच लागलं. पुढं अडलं. तिनं चुलीपाशी झाकून ठेवलेल्या कणकेतली चिमूट घेतली, अक्षर वळून बघितलं, मोडलं, पुन्हा वळलं. ‘इथं’. मग ‘मला’. चूल विझली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. ‘कोण’. एकदा तिनं कार्ड भिरकावलं, मग स्वतःच उठून उचलून आणलं. हे जेवायला आले, दारातूनच काय ते समजले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

बाराचा भोंगा झाला तेव्हा तिचे दोन शब्द राहिले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी गप्प बसले.

मग तिनं सगळी ओळ पहिल्यापासून म्हटली, अडखळत, जिथं खरंच अवघड होतं तिथंच अडखळत.

“ताई, इथं मला कोण म्हणत नाही, ‘वाच बघू.’”